पडवीतला बोर्ड

सुक्या बांगड्याचा वास मला सहन होत नाही, असं मी म्हटलं की आमच्याकडची माणसं आधी माझं गाव विचारतात आणि मग तब्येतीची चौकशी करतात. मालवणी मुलखातल्या बाईनं असं बोलू नये, हे मलाही कळतं. चौदाव्या वर्षापर्यंत मी निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा आणि उकड्या तांदळाची पेज यावर जगाचं राज्य ओवाळून टाकलं असतं. पुढं दोन वर्षं मी जामसंड्याला मामांकडे शिकायला राहिले. त्या घराच्या पडवीत दिवसभर सुक्या मासळीचा करपट वास असायचा. तो मासळीचा नव्हताच, हे कळायला मला एक अख्खा पावसाळा लागला. तेव्हापासून तो वास नाकात गेला की मी ताटावरून उठते. माझी सून म्हणते, आई, तुमच्या डोक्यात काहीतरी बसलंय. बसलंय खरं.

आमचं गाव आंबोलीच्या पायथ्याला. शाळा सातवीपर्यंत, घरात रॉकेलची चिमणी. आईचा मोठा भाऊ जामसंड्याकडच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचा, म्हणून आठवी दूरच्या शाळेत चालत जाऊन कशीबशी झाल्यावर मला एस.टी.त बसवून त्याच्याकडे पाठवलं. मामांचं घर असं सगळे म्हणायचे, पण ते घर मामींचं होतं. मामींचे वडील बोटीवर होते. त्यांनी ते चिरेबंदी, कौलारू घर बांधलं, एकुलत्या एका मुलीचं लग्न लावलं आणि जावयाला तिथंच ठेवून घेतलं. वाडीत पहिली वीज त्याच घरात आली. घरजावई हा शब्द मामांसमोर उच्चारायची कुणाची छाती नव्हती. मामांना सगळे सर म्हणत. त्यांना मूल नव्हतं. त्यामुळे घरात आम्ही तिघंच: मामा, मामी आणि मी.

घर पहाटेच जागं व्हायचं. विहिरीवरच्या मोटरची घरघर सुरू झाली की स्वयंपाकघरातला दिवा आधी लाल व्हायचा, मग पुन्हा उजळायचा. मामी घावण्याचं पीठ बिडाच्या तव्यावर ओतायच्या, त्याचा चर्र आवाज यायचा. मी ओल्या नारळाचा चव करायचे. मामा आंघोळ करून, पांढरा सदरा घालून पाटावर बसले की बोलणं थांबायचं. मामींची आणि माझी मालवणी त्यांना चालत नसे. "शुद्ध बोला. हे घर आहे, मासळीबाजार नव्हे," असं ते घास गिळून सावकाश म्हणायचे. मामी मान हलवायच्या आणि ते शाळेत गेले की दुप्पट वेगानं मालवणी बोलायच्या. दुपारी आम्ही दोघी चुलीजवळ बसून तिरफळं घातलेल्या कढीबरोबर भात जेवायचो, तेव्हा त्या घरात खरा आवाज असायचा. मामी हसल्या की त्यांचे खांदे हलत. त्यांच्या त्या हसण्यासाठी मी शाळेतल्या बाईंच्या नकला करायचे.

पडवीत, दारातून आत शिरताना डाव्या हाताला, तो बोर्ड होता. काळपट लाकडी फळी, तिच्यावर लोखंडी पेटीतला मेन स्विच, चिनी मातीचे फ्यूज आणि काळ्या गोल बटणांची रांग. मामींच्या वडलांनी बसवला तेव्हा म्हणे लोक बघायला यायचे. मी बघितला तेव्हा पेटीला गंजाचे फोड आले होते. खारा वारा आणि पावसाळ्यात भिंतीतून झिरपणारं पाणी, दोघांनी मिळून तिला आतून खाल्लं होतं. वायरींवरचं कापडी वेष्टण सुटून लोंबायचं. फळीमागून झुरळं आत-बाहेर करायची. फ्यूजच्या एका खाचेत पाल चिकटून मेली होती, ती कधी मेली कुणास ठाऊक. तिचं शेपूट बाहेर होतं. मी मामांना एकदा दाखवलं तर म्हणाले, "कोरडी झाली आहे. काही होत नाही." बोर्डातून सारखी गुणगुण यायची आणि पाऊस जोरात लागला की मधूनच चर्र चर्र. मी तिथून जाताना अंग चोरायचे.

विहिरीवर मोटर बसवल्यापासून फ्यूज उडायला लागला. आठवड्यातून दोनदा, तीनदा. फ्यूज उडतो कारण तारांवर झेपत नाही इतका भार पडतो, हे मामांनीच आम्हाला वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. घरी मात्र त्यांनी एका जुन्या वायरीतले तांब्याचे पाच-सहा धागे पिळून एक जाड तार केली आणि ती फ्यूजमध्ये बसवली. मला बोलावून दाखवली. "बघ. आता उडतो का सांग." तो खरंच पुन्हा उडाला नाही. भार मात्र होता तिथंच होता, तो आता मागच्या जुन्या वायरींना भाजत होता. वाडीतली माणसं फ्यूज गेला की सरांना बोलवायची आणि सर जाऊन अशाच जाड तारा घालून यायचे. लोक हात जोडायचे.

बाबल वायरमन मोटरीचं काम करायला आला होता, तेव्हा त्यानं तो बोर्ड बघितला. बाबल चौथी शिकलेला, बिडी ओढणारा, हडकुळा माणूस. तो पेटीपाशी नाक नेऊन हुंगला आणि मागे सरला.

"सर, ह्यो बोर्ड बदलूक व्हयो. आतली वायर जळता आसा. भायेर अर्थिंगची तार पण जमनीकडे गंजान तुटली. पेटयेत करंट उतारलो तर जावक वाट नाय. कोणाक तरी मारतलो ह्यो."

मामांनी चष्मा पुसला. "तू कितवीपर्यंत शिकलास रे?"

बाबलनं कानामागची बिडी काढली आणि पुन्हा तिथंच खोचली.

"मी गेली अठरा वर्षं हा विषय शिकवतो. तू मोटर जोड आणि जा."

बाबल चहा न घेता गेला. मामींनी भरलेला कप तसाच आत आणला आणि मोरीत ओतला.

त्यानंतर तो वास वाढला. गरम झालेल्या विजेच्या जुन्या सामानाला मासळीसारखा वास येतो, हे मला पुढं कळलं. तेव्हा पडवीत बांगडे करपल्यासारखी घाण सुटायची आणि मामा नाकाला रुमाल लावून मामींवर तोंड टाकायचे. "किती वेळा सांगितलं, सुकट घरात ठेवू नकोस. माणसं येतात माझ्याकडे." मामींनी सुक्या मासळीचं मडकं आधी मागच्या खोलीत नेलं, मग गोठ्यात. पडवी फिनेलनं पुसली. शेवटी मडक्यातली सगळी मासळी शेजारणीला देऊन टाकली. तरीही वास होताच. आणि त्या बाईनं स्वतःच्या साडीचा पदर नाकाला लावून हुंगून बघितला, आपल्यालाच तर येत नाही ना म्हणून. हे आठवलं की आजही मला त्या माणसाचा तिटकारा येतो.

आणि मग ती तार. अर्थिंगची तार म्हणजे पेटीपासून भिंतीतून बाहेर येऊन जमिनीत गेलेली जाड लोखंडी तार. चुकून पेटीत वीज उतरलीच तर ती त्या तारेवाटे जमिनीत जावी, कुणाच्या अंगातून जाऊ नये, यासाठी ती असते. ती खाली तुटली होती, बाबल बरोबर बोलला होता. तिचं मोकळं टोक भिंतीवर लोंबत होतं. मामांनी ती सरळ केली आणि पडवीच्या दुसऱ्या टोकाच्या खांबाला खिळा मारून बांधली. मामींना म्हणाले, "पावसात कपडे वाळत घालायला तार मागत होतीस ना? घे." विज्ञानाच्या शिक्षकानं हे केलं. मी इतकी वर्षं यावर विचार केला आहे. त्याला समजलं नसेल असं म्हणून बघितलं आहे. त्याला समजत होतं. आपल्या हातानं बांधलेल्या तारेत काही वाईट असू शकतं, एवढंच त्याच्या मनात कधी येत नव्हतं.

मामींना मुंग्या यायच्या. ओले कपडे वाळत घालताना बोटांना मुंग्या आल्या की त्या हात झटकायच्या. त्यांनी सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, "रक्त कमी आहे तुझ्यात. बीट खा."

तो शनिवार होता. सकाळची शाळा सुटून मी घरी आले होते, मामा शिक्षकांच्या बैठकीसाठी थांबले होते. श्रावणातलं ऊन पडलं होतं आणि मामींनी तीन दिवसांचे साठलेले कपडे धुतले होते. मी आत दप्तर ठेवत होते. बाहेरून आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. दात मिटून कुणी कण्हत राहावं तसा, एकाच सुरातला आवाज. मी दारात आले. मामी तारेला धरून उभ्या होत्या. नव्हे, तारेनं त्यांना धरलं होतं. मूठ मिटली होती, मान मागे गेली होती, पायाखाली पिळलेल्या साडीचं पाणी. डोळे उघडे होते आणि त्या थरथरत होत्या. मी धावले आणि हातभर अंतरावर थांबले. वर्गातलं वाक्य जसंच्या तसं आठवलं: स्पर्श करू नये, मेन स्विच बंद करावा, कोरड्या लाकडाचा वापर करावा. स्वयंपाकघरातला मामांचा जेवणाचा पाट मी उचलला आणि त्याच्या कडेनं मेन स्विचच्या हँडलवर मारलं. ते गंजून घट्ट बसलं होतं. दुसऱ्यांदा मारलं. तिसऱ्यांदा मारलं तेव्हा हँडल तुटून माझ्या पायाशी पडलं आणि गुणगुण तशीच चालू राहिली.

मग मी त्याच पाटानं मामींच्या मुठीशेजारी तारेवर घाव घातले. कितीतरी. शेवटी खांबातला खिळा निघाला, तार ढिली पडून मुठीतून निसटली आणि मामी कपड्यांच्या बादलीवर कोसळल्या. त्यांच्या तळहाताला वास येत होता. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

शेजारच्या माणसानं सायकलवरून शाळेत निरोप नेला. मामा आले तोवर मामी डोळे उघडत होत्या. दारात चार-पाच माणसं जमली होती. मी म्हटलं, "मामा, तारेक करंट होतो." मामांनी आधी तारेकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग खाली पडलेल्या हँडलकडे. त्यांच्या तोंडाचा रंग गेला. मामींकडे त्यांनी सगळ्यांत शेवटी बघितलं. ते वाकले, हँडल उचलून सदऱ्याच्या खिशात घातलं आणि माणसांकडे वळून म्हणाले, "फिट आली तिला. पूर्वीही येऊन गेली आहे." माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तू घाबरली आहेस. तू काही पाहिलेलं नाहीस." तो हात मऊ आणि घामट होता. मला ओकारी आली आणि मी मागच्या दारी जाऊन ओकले.

डॉक्टरांना त्यांनी सांगितलं की फिट येऊन चुलीवर पडली, हात भाजला. सरांच्या शब्दावर कोण अविश्वास दाखवणार? डॉक्टरांनी हाताला मलम दिलं आणि फिटच्या गोळ्या सुरू केल्या. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. गोळ्या मामा स्वतः द्यायचे, पाण्याच्या तांब्यासह, समोर उभं राहून. लोक म्हणायचे, सर बायकोची किती सेवा करतात! मामी पहिल्या दिवशी म्हणाल्या, "माका तारेन धरल्यान हो. ती माका सोडी नाय." मामा अगदी शांतपणे म्हणाले, "तुला आठवणार नाही. फिट आलेल्या माणसाला काही आठवत नसतं." दोन-तीन दिवस त्या बोलत राहिल्या. मग गोळ्यांनी त्यांना झापड यायला लागली. पेज भरवताना ओठांच्या कोपऱ्यातून गळायची. आमटीत मीठ घातलं की नाही हे त्यांना आठवेना. मी नक्कल केली तर त्या माझ्याकडे बघत राहायच्या, खांदे हलायचे नाहीत. शेजारणी त्यांना विहिरीवर एकटीनं जाऊ देत नसत आणि त्यांच्या पाठीमागे कुजबुजत.

दुसऱ्याच दिवशी मामा देवगडच्या बाजारातून निळी नायलॉनची दोरी घेऊन आले. लोखंडी तार त्यांनी सोडवली, गुंडाळली आणि विहिरीमागच्या झुडपात फेकली. तिच्या जागी दोरी बांधली. मेन स्विचला हँडलच्या जागी लाकडाचा तुकडा ठोकला. माझ्याकडे न बघता हे सगळं केलं आणि हात धुऊन जेवायला बसले. त्याच पाटावर. माणूस चुकतो, घाबरतो, हे मी समजू शकते. पण ती दोरी बघितली आणि मला कळलं, याला सगळं ठाऊक आहे आणि तरी हा रोज तिच्या तोंडात गोळी घालतो आहे.

आणि मी काय करत होते? मी वह्या पूर्ण करत होते. दहावीचं वर्ष होतं, मामांच्या घरचं अन्न खात होते, परत गावी गेले असते तर शिक्षण तिथंच संपलं असतं. आईला पत्र लिहिलं त्यात लिहिलं, 'इकडे सर्व क्षेम.' बोर्ड तसाच गुणगुणत होता. मामांची शिसारी यायची तशी हळूहळू माझीही यायला लागली. आज कुणी मला धीट म्हणालं की मी विषय बदलते.

एके दिवशी शाळेतून येऊन बघते तर मामी पडवीत, बोर्डाखाली, भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांनी सुती पिशवी शिवताना सुई तळहाताच्या जळलेल्या जागेत खुपसली होती. रक्त येत होतं. त्यांना कळलंच नव्हतं. मी सुई काढली, हात बांधला आणि तशीच चपला घालून दवाखान्यात गेले.

डॉक्टर वयस्क, कमी बोलणारे. रोगी संपेपर्यंत मी बाकावर बसून राहिले. आत गेल्यावर शुद्ध बोलायचं ठरवलं होतं, ते राहिलं बाजूला. "मामीक फिट येवक नाय. माका ठाऊक आसा. मी बघलंय." मग सगळं सांगितलं, पाटापासून दोरीपर्यंत. त्यांनी एकच विचारलं, "तारेवर हात उघडा होता की मूठ मिटलेली?" मी मूठ मिटून दाखवली. ते माझ्या मुठीकडे बघत राहिले.

"चुलीवर पडलेल्या माणसाचा तळहात आडव्या रेघेत भाजत नाही," ते म्हणाले. "मला दिसायला हवं होतं. मी बघितलंच नाही." मग विचारलं, "तुझ्या मामांना सांगू, तू आली होतीस म्हणून?"

मी मान हलवून हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दोघांना बोलावणं आलं. गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, हळूहळू कमी करायच्या, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं आणि तो कागद मामांच्या हातात न देता मामींच्या हातात दिला. घरी येऊन मामांनी मला समोर उभं केलं. ते ओरडले नाहीत. "उद्याच्या गाडीनं तू घरी जा. दाखला मी पाठवून देईन."

मामी उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांची जीभ अजून जड होती, शब्द सावकाश यायचे. त्या मालवणीतच बोलल्या.

"तां खंय जावचा नाय."

"तू मध्ये बोलू नकोस. तुला बरं नाही."

"माका बरा आसा. तुमका नाय." त्या भिंतीला धरून उठल्या. "ह्या घर माझ्या बापाशीचा. आजपातूर बोललंय नाय. आता बोलतंय. उद्या बाबल येतलो, ह्यो बोर्ड जातलो. तुमका बघूक नको झाला तर शाळेत जावा. नायतर तुमच्या गावाक जावा."

मामा खुर्चीत बसले आणि वर्तमानपत्र उघडलं.

बाबल सकाळी आला. त्यानं आधी रस्त्यावरच्या खांबावरून येणारी वीज तोडली, मग स्क्रू फिरवायला लागला. गंजलेले स्क्रू फिरेनात, शेवटी त्यानं पहार लावून फळीच ओढली. भिंतीचा गिलावा घेऊन ती खाली आली आणि मागून जे सांडलं ते मी कधी विसरणार नाही. झुरळांची अंडी, वाळवीची माती, तीन पालींचे सांगाडे, उंदराच्या घरट्याच्या चिंध्या आणि त्या सगळ्याला चिकटलेला, वितळून थिजलेला काळा डांबरासारखा रस. पेटीच्या आत वायरीवरचं वेष्टण कोळसा होऊन गळून पडलं होतं आणि उघडी तार लोखंडाला टेकली होती. तो वास भपकन पडवीभर पसरला. बाबलनंसुद्धा तोंड फिरवलं.

"अहो," मामींनी हाक मारली. "हय येवा. सुकट कसली ती बघा."

वर्तमानपत्राचं पान उलटलं. मामा आले नाहीत. मी आणि मामींनी ती घाण सुपात भरली, मागच्या परसात खड्डा खणून पुरली आणि हात तीनतीनदा धुतले. बाबलनं नवीन पेटी बसवली, विहिरीजवळ खड्डा करून नवीन तार जमिनीत सोडली. या वेळी त्यानं चहा घेतला. मामींनी दोनदा दिला.

मी राहिले. मामा माझ्याशी मार्चपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, वर्गात माझा हजेरी क्रमांक पुकारतानाही वर बघायचे नाहीत. मामींची झापड महिनाभरानं उतरली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र कायमची वाकडी राहिली. घावणे त्या डाव्या हातानं उलटायला शिकल्या. मामांनी चूक झाली असं तेव्हाही म्हटलं नाही आणि मरेपर्यंत म्हटलं नाही. ते गेले तेव्हा शाळेत शोकसभा झाली. एक माजी विद्यार्थी बोलला की सरांनी वाडीतल्या घराघरात विजेची सुरक्षितता शिकवली. मी उठून बाहेर आले. त्या घराघरात अजून किती जाड तारा आहेत, हे मी त्याला विचारायला हवं होतं.

मागच्याच वर्षी तारकर्लीजवळ एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी आम्ही उतरलो. खोलीत एसी, गिझर, टीव्ही. सगळं एका जुन्या लाकडी बोर्डावर. बटण गरम लागत होतं. मालकाला सांगितलं तर म्हणाला, "काय होत नाय ओ आजी, इतकी वर्सां चलता आसा." मी सामान उचललं. सून लाजली, मुलगा वैतागला. मी गाडीत बसून राहिले.

पण मला सांगायचं आहे ते दहावीची परीक्षा झाल्यावरचं. मी गावी परत निघाले होते. मामी मला सोडायला जामसंड्याच्या स्टॉपवर आल्या. हातात आमसुलांची पुडी आणि फडक्यात बांधलेले तांदळाचे लाडू. एस.टी.ला वेळ होता. मला वाटलं होतं, आता त्या मला जवळ घेतील, म्हणतील, बाय, तू होतंस म्हणून मी जगलंय. ते ऐकायला मी आतून तयार होऊन बसले होते.

मामी समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "एकोणीस दिवस."

मला कळलं नाही.

"तू डाक्टराकडे गेलंस त्येच्या आधी एकोणीस दिवस. हे माका गोळी दिवक लागले की मी तुझ्याकडे बघत होतंय. वाटायचा, आता ह्या चेडू सांगात. आता सांगात. गोळयेन डोळे मिटत, पण दिस मोजूक येयत." त्या रागावलेल्या नव्हत्या. बाजारातला भाव सांगावा तशा सांगत होत्या. "तू लय उशीर केलंस गो."

गाडी आली. वाकड्या बोटांनी त्यांनी माझी पिशवी वर दिली आणि खिडकीशी उभ्या राहिल्या. मी खिडकीतून वाकून बोलायला लागले, तोवर कंडक्टरनं घंटी मारली होती.